फाटकावरची नाकं

दीदिमो गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वारला, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्याच्याच धाकट्या भावाने त्याच्याच नावाने आम्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावायचा घाट घातला.

आमची गल्ली ग्वायाकीलच्या आखाताकडे उतरत जाते आणि खारफुटीत, पाण्यापाशी संपते. म्हणजे संपायची. तीन वर्षांपूर्वी कोळंबीच्या कारखान्याने तिच्या टोकाला हिरवं लोखंडी फाटक उभं केलं. तेव्हापासून खेकडे धरणारे पुरुष आणि शिंपल्या वेचणाऱ्या बाया, सगळ्यांना हमरस्त्याने लांबचा वळसा पडू लागला. फाटकापलीकडे कोळंबीच्या डोक्यांचे ढीग कुजत असतात. वारा तिकडचा असला की आम्ही दारं लावून जेवतो.

दीदिमोचा भाऊ क्लेबेर त्या कारखान्यात मुकादम आहे, आणि आमच्या गल्लीच्या कमिटीचा अध्यक्षही तेव्हा तोच होता. कमिटीची बैठक उल्बिओच्या बेकरीमागच्या अंगणात भरते. त्या रविवारी क्लेबेर इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला.

"यंदा जुन्या वर्षाचा म्हातारा आपण तयारच आणू," तो म्हणाला. "कारखाना देणगी देतोय. छान रंगीत, सिनेमातल्यासारखा पुतळा. आणि यंदा मृत्युपत्र नको. माझा भाऊ ते वाचायचा. त्याच्या मागे ते वाचणं बरं दिसत नाही. सुतक आहे घरात. त्याचा मान राखू या."

मृत्युपत्र नसलेला एकतीस डिसेंबर आमच्या गल्लीने पाहिलेला नव्हता. दर वर्षी कागदाचा म्हातारा माडाच्या झावळ्यांच्या खोपटात बसवायचा, संध्याकाळी त्याचं मृत्युपत्र वाचायचं, मरता मरता तो गल्लीतल्या प्रत्येकाला काय देऊन जातो ते ऐकून पोट धरून हसायचं, आणि बारा वाजता त्याला जाळायचं. त्याच्या आदल्या साली दीदिमोने इंजिनीअरसाहेबांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, फाटकाच्या गजांत अडकलेलं गाढव देऊन टाकलं होतं. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण सुतक म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मागच्या बाकावरून सेनाइदा उठली. दीदिमोची बायको. साठीची, ठेंगणी, अंगात काळा झगा.

"सुतक कुणाचं, भावजी?"

"वहिनी, मी तुमच्याचसाठी..."

"नवरा माझा गेला. मला कुणी विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास मला ऑगस्टात झाला. तेव्हा तुमचा साहेब फुलं पाठवून मोकळा झाला. मृत्युपत्र होणार. म्हातारा मी करणार आणि वाचणारही मीच."

क्लेबेर हसला. "वहिनी, म्हातारे तुम्ही फार छान करता, कुणी नाही म्हणत नाही. पण लिहायचा दीदिमो. तुम्ही आजवर एक ओळ तरी लिहिली आहे का?"

"नाही," सेनाइदा म्हणाली. "म्हणून तर आजच सुरू करायला हवं." आणि ती निघून गेली.

मी नुबिया. मी त्या कारखान्यात कोळंबी सोलते. सेनाइदाच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही बांबूची. त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं तेवढंच ऐकलंही.

ऐकलं ते असं, की सेनाइदाला लिहिता येईना. कामावरून आले की भिंतीपलीकडून पुटपुट ऐकू यायची, मग कागद चुरगाळल्याचा आवाज, मग शिवी. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन गेले. जमिनीवर बेकरीच्या कागदी पिशव्या पसरल्या होत्या. चुलीवर मैद्याची खळ रटरटत होती.

"ऐक," ती म्हणाली, आणि वाचून दाखवलं. उल्बिओच्या पोटावर एक विनोद होता, कोपऱ्यावरच्या बाईच्या मिशांवर एक होता, दारुड्या इसिद्रोवर एक होता.

मी केळं चावत राहिले.

"बोल की गं."

"ताई, हे सगळं दीदिमोसारखं आहे. पण दीदिमोने म्हटलं असतं तर मी हसले असते."

"तेच तर." तिने पिशवी चुलीत टाकली. "त्याला माणसाचं व्यंग दिसायचं आणि तो त्याचं गाणं करायचा. लोक हसायचे, मीही हसायची. पण मला ते जमत नाही. बाईच्या मिशा दिसल्या की मला तिचा नवरा आठवतो, तिला टाकून गेलेला. कसलं यमक जुळणार?"

"मग तुला काय दिसतं?"

ती खळ ढवळत राहिली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. कोळंबीची नखं आणि सोंडा टोचून टोचून माझी बोटं तेव्हा अशी झाली होती की चमचा धरतानाही चुरचुरायची. कारखाना हातमोजे देत नव्हता. मागितले तर क्लेबेर म्हणायचा, मोज्यांनी कामाचा वेग कमी होतो.

"हात पुढे कर," सेनाइदा म्हणाली.

तिने वर्तमानपत्राची पट्टी खळीत बुडवली आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळली. मग दुसरी. खळ कोमट होती, बरं वाटलं. दहाही बोटं गुंडाळून तिने मला पंख्यासमोर बसवलं. वाळल्यावर ब्लेडने हलक्या हाताने चिरून एकेक साल काढून घेतली. तिच्या ओट्यावर माझी दहा बोटं उभी राहिली, पोकळ, कुठेही चीर नसलेली.

"हे घे," ती म्हणाली. "हे मला दिसतं. कुणाकडे काय नाही ते."

त्या दिवसापासून तिचं सुरू झालं. सकाळी पाव आणायला गेली की ती बेकरीत उगाच रेंगाळायची. मासळीच्या हातगाडीपाशी उभी राहायची. कोण कशावरून चिडलं, कोण काय म्हणून उसासलं, ते ऐकून यायची आणि हात पुसायच्या आधी पिशवीवर लिहून काढायची. मग त्याचीच वस्तू करायची. पूर्वी म्हाताऱ्याने नुसत्या शब्दांनी देऊन टाकायचं असे. सेनाइदाने ठरवलं, खरंच द्यायचं. कागदाचं का होईना, हातात पडलं पाहिजे. इसिद्रोसाठी तिने घराचं दार केलं, वीतभर, बिजागरीचं, आतून उघडणारं, कारण दारू पिऊन आला की त्याची आई त्याला आत घेत नसे. मिशांवरून सगळे जिला हसायचे तिच्यासाठी आरसा केला, काचेच्या जागी चॉकलेटचा चंदेरी कागद. त्यात बघितलं तर फक्त चकाकी दिसायची, मिशा दिसायच्या नाहीत.

आणि ओळी आपोआप जुळायला लागल्या. आपोआप म्हणजे भिंतीपलीकडून रोज तासभर ओट्यावर बोटं आपटून आपटून. पण जुळायला लागल्या.

नाताळच्या आधी कारखान्याच्या टोपल्या आल्या. दर वर्षी यायच्या. तांदूळ, साखर, ट्यूनाचा डबा, बिस्किटं, वर पारदर्शक कागद आणि लाल फीत, सगळं कारखान्याचं नाव छापलेल्या खोक्यात. कापडी फलकासमोर रांगेत उभं राहायचं, टोपली घेऊन हसायचं, फोटो काढून घ्यायचा. सेनाइदा गेली नाही. मी घ्यावी की नको, असं मी तिला विचारलं.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "तांदूळ खा. ट्यूना खा. फोटोत हसू नको, एवढंच. आणि खोका मला आणून दे."

मी गल्लीत निरोप दिला. दोन दिवसांत तिच्या अंगणात खोक्यांचा डोंगर झाला. त्यातून तिने त्या वर्षीचा म्हातारा उभा केला. लोकांची अटकळ होती की ती दीदिमोचा पुतळा करील. उल्बिओने तर तिला दीदिमोचा एक जुना फोटोही आणून दिला. तिने तो परत केला.

"एकदा पुरलाय त्याला. आता जाळू कशाला?"

तिचा म्हातारा म्हणजे नाताळची टोपली होती. दोन बारीक पाय, पोटाच्या जागी भली मोठी टोपली, तिच्यावर पारदर्शक कागद, आणि वर फीत बांधलेलं म्हातारं डोकं, इतकं गोड हसणारं की बघणाऱ्याला शिसारी यावी. टोपलीत डोकावलं तर आत काही नव्हतं. फक्त तळाशी एक छोटं हिरवं फाटक.

ते कुणीतरी क्लेबेरला सांगितलं असणार. तीस तारखेला दुपारी कारखान्याची पिकअप गल्लीत शिरली. क्लेबेरबरोबर दोन रखवालदार होते.

"वहिनी, हा पुतळा इथे चालणार नाही. पलीकडे डिझेलची टाकी आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"आणि तुमचा रंगीत पुतळा? तो पाण्याने जळणार आहे का?"

"तो कारखान्याने तपासलेला आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "नुबिया, तूही यात आहेस ना? जानेवारीत हात कमी लागणार आहेत म्हणे. बघ बुवा."

रखवालदारांनी म्हाताऱ्याला काखेत धरून उचललं. मला वाटलं, आता सेनाइदा झोंबेल त्यांना. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मानेला धरू नका रे," ती म्हणाली. "अजून ओली आहे. तुटली तर तुमच्या साहेबाला नीट हसता यायचं नाही."

पिकअप गेली. गल्लीतली दारं हळूहळू लागली. मी रडायला लागले.

"झालं तुझं? मग जा आणि खळ गरम कर," सेनाइदा म्हणाली. "त्यांनी टोपली नेली. भेटी कुठे नेल्या? आणि तोंड तर माझ्याकडेच आहे."

एकतीस तारखेला ऊन कललं तशा विधवा निघाल्या. म्हणजे आमच्याकडचे पुरुष, बायकांचे काळे झगे चढवून, छातीत टॉवेल कोंबून, ओठ रंगवून. मरणाऱ्या वर्षाच्या या विधवा छाती पिटत गाड्या अडवतात आणि सुटे पैसे मागतात. सगळ्यात पुढे उल्बिओ, झुपकेदार मिशांवर जाळीचा पदर. पण खोपटाकडे वळल्यावर त्यांचा आवाज बसला. खोपटात क्लेबेरने आणवलेला पुतळा होता. निळा, चकचकीत, दंड फुगवलेला कुणीतरी वीर, छातीवर कारखान्याचं नाव. त्याच्यासमोर रडायचं तरी कसं?

तेवढ्यात सेनाइदाचं दार उघडलं.

अंगात दीदिमोचा तपकिरी कोट, डोक्यावर त्याची गवताची टोपी, पोटावर वर्तमानपत्रांची उशी, भुवयांवर मैदा, हातात काठी. काळा झगा नव्हता. ती लंगडत, खोकत गल्लीच्या मधून चालत आली. खोपटापाशी थांबली, त्या निळ्या वीराकडे पाहिलं आणि म्हणाली, "उठ बाबा. तू अजून तरुण आहेस. तुझी वेळ आली नाही."

इसिद्रोने वीराला उचलून भिंतीला टेकवलं. सेनाइदा त्याच्या जागी बसली.

आमच्या गल्लीतली खरी विधवा म्हातारा होऊन बसली होती आणि समोर दहा-बारा मिशाळ विधवा उभ्या होत्या. मग उल्बिओने जो हंबरडा फोडला, तो पार हमरस्त्यावर ऐकू गेला असेल. तो धावत जाऊन तिच्या पायांवर कोसळला.

"अहो धनी! मला कुणाच्या भरवशावर टाकून चाललात हो!"

"रडू नको गं," सेनाइदा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाव मोठा कर, म्हणजे लोक तुझ्याकडे बघतील."

गल्ली हसली. बंद दारं उघडली. सेनाइदाने कोटाच्या खिशातून पावाच्या पिशव्यांचा जुडगा काढला.

*मी जुनं वर्ष, श्वास मोजका, उरलोय आता घडीभर,*
*देण्याघेण्याचं बोलून टाकतो, शुद्धीत आहे तोवर.*

*उल्बिओच्या भट्टीमधला पाव दिसेना डोळ्यांना,*
*भिंग ठेवून जातो त्याच्या साऱ्या गिऱ्हाइकांना.*

आणि खोपटामागे आणून ठेवलेल्या भेटींतून खरंच भिंग निघालं, पुठ्ठ्याचं, परातीएवढं. उल्बिओने ते डोळ्याला लावून आपल्याच बायकोच्या पिशवीतला पाव शोधायचं नाटक केलं. इसिद्रोला दार मिळालं. त्याची आई ते बघायला पुढे आली, तिने ते उघडून पाहिलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आरसा ज्या बाईचा होता तिने तो पदराखाली धरला आणि कुणाला दाखवला नाही.

*नुबिया सोलते कोळंबी, कोळंबी सोलते बोटं,*
*दहा नवी देऊन जातो, कागदी, पण देणं नाही खोटं.*

मी ती बोटं माझ्या बोटांवर चढवली. गर्दीत माझ्याबरोबर सोलायला बसणाऱ्या किती तरी जणी होत्या. त्या हसल्या नाहीत. एकीने आपला हात वर केला, मग दुसरीने. बघता बघता फाटलेल्या बोटांचे कितीतरी हात वर झाले. सेनाइदा वाचायची थांबली.

तेव्हाच क्लेबेर आला. भिंतीला टेकवलेल्या वीराकडे त्याची नजर गेली, मग भावाच्या कोटाकडे. त्याचा चेहरा पडला. क्षणभर त्याला दीदिमोच दिसला असावा.

"वहिनी, पुरे झालं. घरी चला."

"भावजी, बरं झालं आलात. तुमचंच वाचणार होते."

*वीस वर्षं दारात उभा, टोपी हातात धरून,*
*क्लेबेरला खुर्ची देतो, बस म्हणावं पाय पसरून.*

हसू फुटलं, पण मध्येच विरलं. कारण ते खरं होतं. कारखान्यात आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. साहेबांच्या खोलीत क्लेबेर उभाच असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची मिळते, त्याला कधी कुणी बस म्हटलेलं नाही.

सेनाइदाने खोपटामागून खुर्ची ओढली. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या घट्ट वळून, खळीत भिजवून, वाळवून बांधलेली, माणूस बसेल एवढी.

"मी बसून पाहिलंय," ती म्हणाली. "मोडत नाही."

क्लेबेर तिच्या अगदी जवळ गेला. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं. "वहिनी, उद्या माझी नोकरी गेली तर?"

"तर बसायला खुर्ची आहे."

तो बसला नाही. पण तिने खुर्ची त्याच्या हातात दिली ती त्याने खालीही ठेवली नाही. ती धरून तो तसाच उभा राहिला आणि सेनाइदा पुढे वाचत गेली.

*साहेबांच्या नाकाला या येत नाही वास,*
*नवं नाक देतो त्यांना, घ्यावा एक श्वास.*

*वाट मात्र देत नाही, ती कधीच नव्हती माझी,*
*तुमचीच होती, तुमचीच आहे. जा, ओळख करा ताजी.*

नाक पपईएवढं होतं. गुलाबी, तेलकट, नाकपुड्यांत नारळाच्या काथ्याचे केस. सेनाइदाने ते दोन्ही हातांत उचललं, काठी टाकून दिली आणि फाटकाकडे चालू लागली. कुणी चला म्हटलं नाही, तरी सगळी गल्ली मागे निघाली. विधवा झगे वर धरून पळत होत्या. मीही गेले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण बोटांवर ती नवी बोटं होती, आणि माझ्या पुढे-मागे माझ्याच सोबतिणी होत्या.

फाटकावरचा रखवालदार, आदल्या दिवशीचाच, गजांमागून म्हणाला, "ते काय आहे?"

"साहेबांना भेट," सेनाइदा म्हणाली. "त्यांनी आम्हाला टोपल्या दिल्या. आम्ही काय रिकाम्या हाताने राहायचं?"

तिने तारेने ते नाक फाटकाच्या मधोमध बांधलं, बरोबर कुलपाच्या वर. आतून, ढिगांवरून वारा आला. सगळ्यांनी एकदमच नाक मुरडलं आणि मग जे हसणं सुटलं ते काही केल्या थांबेना. रखवालदारही हसला, तोंड फिरवून.

बारा वाजता आम्ही निळ्या वीराला जाळलं आणि उरलेले खोकेही. सेनाइदाने कोट अंगातून काढला नाही. कोट घालूनच घरी गेली.

नवं वर्ष माझ्यासाठी बरं उजाडलं नाही. हमरस्त्याच्या वळशाने कामावर नेणारी गाडी माझ्या दारात थांबेनाशी झाली. हात वर केलेल्यांपैकी आणखी चौघींच्या दारातही. मी भात आणि मसुरीवर दिवस काढले, उल्बिओने उधारी न लिहिता पाव दिला. नाक दोन तारखेलाच काढलं गेलं. क्लेबेरनेच काढलं म्हणे, साहेबांच्या हुकमावरून.

मी सेनाइदाला म्हटलं, "झालं, संपलं."

"त्याने एक काढलं," ती म्हणाली. "तुम्ही पाच जणी घरी बसलाय. प्रत्येकीने एक केलं तर?"

म्हणून आम्ही नाकं करायला बसलो. मला आधी ते पोरकट वाटलं होतं. पण खळीत हात घातला की माणूस काहीतरी शोधायला लागतो. मी माझ्या बापाचं नाक केलं, चपटं, एका बाजूला वळलेलं. करता करता तो किती वर्षांनी नीट आठवला. एकीने सासूचं केलं आणि पहिल्यांदाच सासूला चेहरा बघू म्हणून समोर बसवून घेतलं. ती पाच नाकं फाटकावर गेली. तीही काढली गेली. मग शेजारच्या घरांतून विचारणा सुरू झाली, खळ कशी करतात, कागद किती थर. नाताळनंतरच्या, भेटी देण्याच्या तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, लोकांनी एकमेकांना भेट म्हणून नाकं दिली आणि संध्याकाळी ती नेऊन फाटकाला टांगली. उल्बिओने कणकेची भाजून केली. ती कुत्र्यांनी खाल्ली, म्हणून तोही निमूट कागदाकडे वळला. सकाळी रखवालदार ती काढायचे, संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा टांगायचो. फाटकाचा हिरवा रंग दिसेनासा झाला.

एक दिवस कारखान्याचा माल विकत घेणारे परदेशी आले. त्यांची गाडी फाटकापाशी थांबली, कारण रस्ता चुकून ती आमच्या बाजूने आली होती. ते उतरले आणि बघत राहिले. साहेब स्वतः धावत आले. "ही स्थानिक कला आहे," असं त्यांनी सांगितल्याचं रखवालदाराने नंतर आम्हाला सांगितलं. तेवढ्यात वारा सुटला, आणि त्या पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. ढिगांबद्दल त्यांनी बरेच प्रश्न विचारले म्हणे.

कार्निव्हलच्या आठवड्यात फाटकात एक लहान दार बसवण्यात आलं. सकाळी ते उघडतं, दिवेलागणीला बंद होतं. कडेवर पाटी घेऊन बाई जाईल एवढंच रुंद. ढीग अजून आहेत, थोडे लांब सरकवलेले. कोळंबीचा हंगाम भरात आला तेव्हा आम्हा पाच जणींच्या दारात गाडी पुन्हा थांबली. आम्ही चढलो नाही. हातमोजे द्या, मग चढतो, असं म्हटलं. आधीच गाडीत बसलेल्या बायकाही खाली उतरल्या. तिसऱ्या दिवशी मोजे मिळाले. पातळ आहेत, आठवड्याला फाटतात. फाटले की आम्ही दुसरे मागतो, क्लेबेर कपाळाला आठ्या घालतो आणि देतो.

ते लहान दार रोज सकाळी क्लेबेरच उघडतो. नोकरी त्याची गेली नाही. सेनाइदा पाव घेऊन परतताना तिथवर जाऊन येते.

"झोप झाली का, भावजी?"

"झाली, वहिनी."

याच्यापुढे दोघं बोलत नाहीत. पण पूर्वी तो तिच्या घरी सणावारीच यायचा. आता रविवारी येतो आणि बसतो.

यंदा डिसेंबरात टोपल्या आल्या नाहीत. त्याऐवजी निरोप आला, नाकं बंद केलीत तर विचार करता येईल. उल्बिओने कमिटीत तो निरोप मोठ्याने वाचला. अध्यक्ष आता तोच आहे. कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. इसिद्रोची आई म्हणाली, "तांदूळ आमच्याकडे आहे." मग विषय बदलला आणि म्हातारा कुणाच्या अंगणात करायचा यावर भांडण जुंपलं.

नाताळला आमच्यात भेटी झाल्या. कुणी दोरीत बांधलेले जिवंत खेकडे दिले, कुणी आंबे, कुणी शिवलेला टॉवेल, सगळं खळीने चिकटवलेल्या रंगीत कागदांत गुंडाळलेलं. खेकड्यांनी कागद फाडला आणि ते अंगणभर पळाले. त्यांना धरता धरता अख्खी दुपार गेली.

मृत्युपत्र यंदा सेनाइदा एकटी लिहिणार नाही. तिनेच तसं ठरवलं. प्रत्येक घराने दोन ओळी आणायच्या, आणि ज्याच्यावर लिहिलं त्याच्यासाठी काहीतरी करून आणायचं. मला साहेब मिळाले. कॅलेंडरचं मागचं पान घेऊन मी गेले तीन दिवस ओट्यापाशी बसते आहे. पहिली ओळ चांगली झाली आहे, दुसरी जुळत नाही. भिंतीपलीकडून सेनाइदा ओरडते, "नुबिया, बोटं आपट!" आणि मी आपटते.

जुळेल. एकतीस तारखेला अजून अवकाश आहे.